जोड मुळापासून धरावा: रॉड वेल्डिंगची पहिली उजळणी

गणपती उठले की कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात फॅब्रिकेशनच्या दुकानांपुढे उसाच्या ट्रॉल्या उभ्या राहू लागतात. गाळप हंगाम तोंडावर आलेला असतो. कुणाच्या फाळक्याची बिजागरी निखळलेली, कुणाचा तळाचा पत्रा गंजून गेलेला, तर कुणाच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्याला भेग पडलेली. या भेगा जवळून पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. लोखंड मधूनच असं क्वचित तुटतं. भेग बहुतेक वेळा जुन्या वेल्डिंगच्या कडेनं धावलेली असते किंवा वेल्डिंग जिथे संपलं त्या टोकापासून सुरू झालेली असते. घाईत तिच्यावरच दोन रॉड जाळले जातात, वर रंग मारला जातो आणि भर हंगामात ती त्याच जागी पुन्हा उघडते.

यात दोष रॉडचा नसतो आणि बहुतेकदा मशीनचाही नसतो. वरून छान लहरी-लहरींचं दिसणारं वेल्डिंग आतल्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे जोडाच्या मुळापर्यंत पोहोचलेलंच नसतं. रॉड वेल्डिंग शिकणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून नजर ठेवायची ती या मुळावर. जोड कुठल्या प्रकारचा आहे, त्याचं मूळ कुठे आहे, तिथपर्यंत उष्णता कशी न्यायची, हे ठरलं की करंट, कोन आणि वेग यांचे निर्णय बरेच सोपे होतात.

आधी रॉडविषयी. रॉडमधली तार वितळून जोडात भरते हे सगळ्यांना दिसतं, पण खरी करामत तारेवरच्या लेपाची असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियात निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी धातूचीच कांडी वापरून ठिणगीनं वेल्डिंग केलं, पण उघड्या कांडीचं वेल्डिंग हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून ठिसूळ व्हायचं. स्वीडनचे ऑस्कर चेलबर्ग यांनी १९०७ मध्ये लेप दिलेल्या रॉडचं पेटंट घेतलं. लेप जळताना वायूचा पडदा तयार होतो, ठिणगी स्थिर राहते आणि वितळलेल्या धातूवर स्लॅगची खपली धरते. ही खपली धातूला थंड होईपर्यंत झाकून ठेवते. म्हणून लेप उडालेला, तडकलेला किंवा पावसात भिजलेला रॉड वापरण्यात काहीच शहाणपण नाही.

गेट, ग्रिल, शेड, अवजारं यांसाठी आपल्याकडे सर्वात जास्त चालतो तो ई ६०१३ हा रॉड. यातल्या ६० चा अर्थ, वेल्डिंगच्या धातूला ओढून तोडायला दर चौरस इंचाला किमान साठ हजार पौंड ताण लागेल. मेट्रिक मापात हे सुमारे ४१५ मेगापास्कल होतं. बाजारातलं साधं एम.एस. लोखंडही, म्हणजे आय.एस. २०६२ मधलं ई २५०, किमान ४१० मेगापास्कलला उतरतं. पुढचा १ हा आकडा सांगतो की रॉड सगळ्या स्थितींत चालतो. आडव्या कामाला, उभ्या कामाला आणि डोक्यावरच्या कामालाही. ६०१३ पेटायला सोपा, एसी-डीसी दोन्हींवर चालणारा आणि खपली सहज सोडणारा रॉड आहे. जाड प्लेट, ओढ आणि हादरे सोसणारे भाग यांसाठी ई ७०१८ घेतात. तो जास्त मजबूत आहे, त्याच्या वेल्डिंगमध्ये हायड्रोजन कमी राहतो आणि त्यामुळे भेगांची भीती घटते. मात्र तो कोरडा असेल तरच. उघड्या पाकिटातला ७०१८ ओव्हनमध्ये साधारण ३०० अंशांच्या आसपास तासभर किंवा त्याहून अधिक भाजून घ्यावा लागतो. नेमकं तापमान आणि वेळ कंपनी पाकिटावर छापते, ती पाळावी. कोकणातल्या पावसाळ्यात ६०१३ सुद्धा उघड्यावर पडू देऊ नये. झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंचावर त्याची जागा हवी.

दुकानात रॉड मागताना लोक गेजचा नंबर सांगतात. बारा नंबर म्हणजे सुमारे २.५ मिलिमीटर, दहा नंबर ३.१५ आणि आठ नंबर ४ मिलिमीटर. ६०१३ साठी बारा नंबरला ६० ते ९०, दहा नंबरला ९० ते १३० आणि आठ नंबरला १४० ते १८० अँपिअर ही कामाची कक्षा आहे. त्यातल्या मधल्या आकड्यापासून सुरुवात करावी आणि भंगारातल्या, त्याच जाडीच्या तुकड्यावर एक रन, म्हणजे वेल्डिंगची एक सलग ओळ, ओढून पाहावा. करंट कमी असेल तर रॉड चिकटतो आणि धातू प्लेटवर नुसता उंचवटा करून बसतो. जास्त असेल तर ठिणग्या लांब उडतात, रॉड अर्ध्यावरच लालबुंद होतो आणि रनच्या दोन्ही कडांना चर पडतो. या चराला अंडरकट म्हणतात. बांधाच्या कडेनं पाण्यानं ओघळ पाडावी तसा तो प्लेटची जाडी खाऊन टाकतो आणि ट्रॉलीच्या अनेक भेगांचा उगम तिथेच असतो.

मशीनच्या पाटीवर ‘२०० अँपिअर, ६० टक्के’ असं काही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, २०० अँपिअरवर दहा मिनिटांतली सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विश्रांती. शेतावर बारीक वायरचं लांबलचक एक्स्टेन्शन लावलं की व्होल्टेज पडतं आणि मशीनचा आकडा १२० दाखवत असला तरी ठिणगी मेलेली वाटते. वायर गुंडाळलेलीच ठेवली तर ती तापून वितळूही शकते, म्हणून पूर्ण उलगडून टाकावी. अर्थिंगचा क्लॅम्प गंजावर किंवा रंगावर न लावता ग्राइंडर मारलेल्या स्वच्छ लोखंडावर, शक्यतो जोडाच्या जवळ बसवावा. ठिणगी फडफडते तेव्हा सगळ्यात आधी हा क्लॅम्प तपासावा.

आता तयारी. चांगल्या कारागिराचा निम्मा वेळ ठिणगी पेटवण्याआधीच जातो आणि तो वाया जात नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंना इंचभर पट्टा रंग, गंज, ग्रीस आणि नव्या प्लेटवरची काळपट-निळसर पापुद्र्यासारखी साल काढून चकचकीत करावा. ६०१३ थोडा गंज खपवून घेतो हे खरं, पण तेल आणि रंग जळून जे वायू निघतात ते वितळलेल्या धातूत अडकतात आणि वेल्डिंगमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं उरतात.

मग तुकडे जुळवावेत. गुण्या लावावा, क्लॅम्प आवळावेत आणि टाके मारावेत. टाका म्हणजे नुसता ठिपका नव्हे. तो दोन-अडीच सेंटीमीटर लांब असावा आणि मुख्य रनइतक्याच करंटवर मारलेला असावा, नाहीतर लोखंड तापून ओढ घेतं तेव्हा टाका तुटतो. चौकट असेल तर चारही कोपऱ्यांना एकेक टाका मारल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे नसतील तर हातोडीनं ठोकून चौकट सरळ करायची वेळ हीच. पूर्ण वेल्डिंग झाल्यावर सरळ करणं फार जड जातं. प्रत्येक टाक्यावरची खपली ठोकून काढावी, कारण तिच्यावरून रन गेला की ती आतच गाडली जाते.

ठिणगी पेटवायची दोन पद्धतींनी. काडीपेटीची काडी ओढल्यासारखा रॉड घासायचा किंवा टोक हलकेच टेकवून लगेच उचलायचं. दोन्ही गोष्टी जोडाच्या आतच कराव्यात. बाजूच्या मोकळ्या प्लेटवर पेटवून पाहिलेल्या रॉडचे डाग जागीच कडक होऊन बसतात आणि हादरे सोसणाऱ्या भागात भेगेला निमंत्रण देतात. रॉड चिकटला तर मनगटाला झटका देऊन सोडवावा. तरीही सुटला नाही तर होल्डरचा दाब सोडून रॉड तिथेच राहू द्यावा. हेल्मेट किंवा काच मात्र तोवर डोळ्यांवरून हलवू नये.

पेटल्यावर नजर ठिणगीच्या पांढऱ्या उजेडावर न ठेवता तिच्या लगेच मागच्या वितळलेल्या डबक्यावर ठेवावी. नवख्या माणसाला हे जमायला वेळ लागतो, पण सगळं शिक्षण इथेच आहे. रॉडचं टोक आणि डबकं यांतलं अंतर रॉडच्या तारेच्या जाडीएवढं असावं. दहा नंबरचा रॉड असेल तर तीन मिलिमीटर. रॉड जळत जातो तसा हात खाली उतरत राहिला पाहिजे, नाहीतर अंतर वाढतं, आवाज फसफसू लागतो आणि थेंब इकडेतिकडे उडतात. अंतर बरोबर असलं की तडतड एकसारखी, सलग ऐकू येते. रॉडचं वरचं टोक पुढे जायच्या दिशेला १५-२० अंश कललेलं असावं, म्हणजे ठिणगीचा झोत मागच्या डबक्याकडे राहतो आणि रॉड पाठीमागे डबकं ओढत नेतो.

डबक्यात दोन पदार्थ असतात: खाली चकचकीत, पातळ धातू आणि त्याच्या मागून तरंगत येणारा स्लॅग. स्लॅग मागेच राहिला पाहिजे. तो वाहत पुढे आला आणि ठिणगी त्याच्यावरून गेली की जोडात खपली कोंडली जाते. असं दिसू लागलं तर रॉडचा कल थोडा वाढवावा, अंतर कमी करावं, जरा वेगानं पुढे सरकावं. तेवढ्यानं भागलं नाही तर पाच-दहा अँपिअर वाढवावेत. डबक्याची रुंदी रॉडच्या जाडीच्या दुपटीच्या आसपास राहिली तर वेग बरोबर आहे असं समजायला हरकत नाही. रनवरच्या लहरी टोकदार, बाणासारख्या झाल्या तर हात घाईत आहे.

रॉड संपताना थेट उचलू नये. शेवटी क्षणभर थांबून, किंचित मागे येऊन खड्डा भरावा आणि मग ठिणगी तोडावी. शेवटी राहिलेला हा खळगा थंड होताना मधोमध तडकतो. बारीक, चांदणीसारखी भेग दिसते. ट्रॉलीच्या वेल्डिंगची टोकं आधी उघडतात त्याचं हे एक मोठं कारण.

उसाच्या ट्रॉलीत जवळजवळ सगळे नेहमीचे जोड सापडतात, म्हणून तिच्याच आधारानं ते पाहावेत.

बाजूचा पत्रा अँगलवर चढवून जोडतात तो लॅप जोड. एकावर एक दोन पट्ट्या, आणि वरच्या पट्टीच्या कडेला वेल्डिंग. मजबुतीसाठी लॅप किती असावा याचा नियम स्टीलच्या बांधकामाच्या भारतीय मानकात, आय.एस. ८०० मध्ये दिला आहे: पातळ पट्टीच्या जाडीच्या किमान चौपट किंवा ४० मिलिमीटर, यांतलं जे जास्त असेल ते. लॅप जोडात नवख्याची हमखास चूक म्हणजे वरच्या पट्टीची धार वितळवून टाकणं. धारेला उष्णता पळायला जागा नसते, खालच्या पट्टीला असते. म्हणून ठिणगीचा रोख खालच्या पट्टीवर जास्त ठेवावा आणि वितळलेला धातू वरच्या धारेला फक्त भिडू द्यावा. सोळा गेजचा पत्रा म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. त्यावर सलग रन मारला तर पत्रा पापडासारखा वाकतो आणि भोकंही पडतात. दोन-अडीच सेंटीमीटरचे तुकडे दहा-पंधरा सेंटीमीटर अंतरावर, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला असे मारावेत.

चेसिसच्या चॅनेलवर उभी पट्टी किंवा आडवा दांडा जोडतात तो टी जोड. त्याच्या कोपऱ्यात भरलेल्या त्रिकोणी वेल्डिंगला फिलेट म्हणतात. फॅब्रिकेशनमध्ये सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार हाच. रॉड दोन्ही प्लेटांच्या बरोबर मध्ये, ४५ अंशात धरावा. एक प्लेट जाड असेल तर रोख तिच्याकडे थोडा जास्त. ठिणगी आतल्या कोपऱ्यात घुसली पाहिजे. करंट कमी पडला किंवा अंतर लांब राहिलं तर धातू दोन्ही प्लेटांवर पूल बांधतो आणि कोपरा खाली रिकामाच राहतो. बाहेरून पाहून हे अजिबात कळत नाही.

फिलेटची मजबुती त्याच्या गळ्यावर ठरते. गळा म्हणजे कोपऱ्यापासून वेल्डिंगच्या तोंडापर्यंतचं सर्वात कमी अंतर; दोन्ही पाय, म्हणजे कोपऱ्यापासून दोन प्लेटांवर पसरलेल्या वेल्डिंगच्या बाजू, सारखे असतील तर तो पायाच्या मापाच्या सुमारे ०.७ पट भरतो. सहा मिलिमीटर पायाच्या फिलेटचा गळा ४.२ मिलिमीटर. ‘जरा जाड मार, मजबूत होईल’ ही सवय इथे महागात पडते. पाय ६ वरून ८ मिलिमीटर केला तर मजबुती एक तृतीयांशानं वाढते, पण कोपऱ्यात भरायचा धातू क्षेत्रफळाच्या हिशेबानं ३६ वरून ६४, म्हणजे पावणेदोन पटीच्याही वर जातो. तेवढे रॉड, तेवढी वीज आणि तेवढीच जास्त ओढ. त्याऐवजी मापाचाच रन मुळापर्यंत नेणं आणि शक्य तिथे दोन्ही बाजूंनी वेल्डिंग करणं कधीही चांगलं. दोन प्लेटांमध्ये फट राहिली असेल तर ती फट पायाच्या मापात मिळवावी लागते. फट तीन मिलिमीटर आणि पाय सहाचा असेल तर गळा निम्म्याच कामाचा उरतो. आणखी एक बारकावा आय.एस. ८०० सांगतं: पट्टीच्या शेवटी वेल्डिंग कोपऱ्यावरच तोडू नये, ते कोपरा वळून पुढे पायाच्या मापाच्या किमान दुप्पट न्यावं. सगळा ताण टोकाला एकवटतो, म्हणून खळगा तिथे नको.

कॉर्नर जोड ट्रॉलीपेक्षा गेट आणि खिडक्यांच्या चौकटीत जास्त येतो. चौकोनी पाइप ४५ अंशात कापून जोडतात. दोन प्लेटा धारेला धार टेकवून ठेवल्या तर बाहेरच्या बाजूला आपोआप व्ही आकाराची खाच तयार होते आणि मुळापर्यंत जाणं सोपं होतं. इथे आपल्याकडची एक वाईट पद्धत म्हणजे वेल्डिंग ग्राइंडरनं प्लेटच्या पातळीपर्यंत घासून टाकणं. गुळगुळीत कोपरा दिसायला सुंदर दिसतो, पण दोन मिलिमीटरच्या पाइपवर मूळ कच्चं असेल तर घासल्यावर जोडायला फार काही उरत नाही. दिसण्यासाठी घासायचंच असेल तर कापलेल्या कडांमध्ये आधी एक-दीड मिलिमीटर फट ठेवून धातू आत जाऊ द्यावा.

दोन पट्ट्या एका रेषेत टोकाला टोक जोडणं म्हणजे बट जोड. तीन मिलिमीटरपर्यंतच्या पट्ट्या चौकोनी कडांनी, मध्ये दीडेक मिलिमीटर फट ठेवून जोडता येतात. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे दोन्ही कडा ग्राइंडरनं प्रत्येकी ३० अंशात तासाव्यात, म्हणजे एकूण ६० अंशांचा व्ही होतो. तळाशी दीड-दोन मिलिमीटरची सरळ धार राखावी. ती पूर्ण सुरीसारखी केली तर पहिल्याच रनमध्ये गळून पडते. मध्ये दोन ते तीन मिलिमीटर फट ठेवावी. पहिला रन बारा नंबरच्या रॉडनं मुळाचा. ठिणगीच्या पुढे मुळाशी एक छोटं छिद्र उघडतं आणि मागून भरत जातं. ते सतत दिसत राहिलं तर दुसऱ्या बाजूनं धातू बाहेर आलेला असतो. छिद्र बुजलं की खाली कच्चं राहिलं असं समजावं, फार मोठं झालं की धातू ओघळतो. ६०१३ नं उघड्या फटीत हे साधायला बराच सराव लागतो. प्लेट उलटवता येत असेल तर सोपा आणि भरवशाचा मार्ग असा: वरून व्ही भरून घ्यावा, प्लेट उलटवून ग्राइंडरनं चकचकीत, अखंड धातू लागेपर्यंत चर खोदावा आणि त्या बाजूनं एक रन मारावा. प्रत्येक रननंतर खपली ठोकून, वायर ब्रश मारल्याशिवाय पुढचा रन चढवू नये.

वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि प्लेट आपल्याकडे ओढतं. फिलेट एकाच बाजूला मारला तर उभी पट्टी त्या बाजूला झुकणारच. सुरुवातीलाच तिला उलट दिशेला दोन-तीन अंश कलवून टाके मारणं, बाजू आलटूनपालटून काम करणं आणि लांब रन छोट्या तुकड्यांत मागे-मागे सरकत भरणं या तीन उपायांनी ओढ बरीच आटोक्यात येते.

ट्रॉली उलटवता येत नाही, म्हणून तिथे बरंच काम उभ्या स्थितीत होतं. वरून खाली ओढलेला रन पटकन होतो आणि देखणाही दिसतो, पण स्लॅग डबक्याच्या पुढे धावतो आणि मूळ कच्चं राहतं. पातळ पत्र्याला तो चालतो, भार सोसणाऱ्या प्लेटला नाही. तिथे खालून वर चढावं. आडव्या कामापेक्षा करंट दहा-पंधरा टक्क्यांनी कमी ठेवावा, ठिणगी आखूड ठेवावी, दोन्ही कडांना क्षणभर थांबावं आणि मध्यावरून भरकन पार व्हावं. कडांवरच्या थांब्यामुळे अंडरकट भरतो. मध्ये रेंगाळलं की पोट सुटल्यासारखा फुगवटा येतो.

आता जुन्या भेगेवरचं काम. भेगेवर नुसता रन चढवला तर ती खाली तशीच राहते आणि पुन्हा वर येते. आधी रॉकेल किंवा डिझेल लावून, पुसून, वर खडूची पूड फासावी. भेगेतलं तेल खडूवर रेघ उमटवतं आणि ती कुठवर गेली आहे ते दिसतं. दोन्ही टोकांच्या किंचित पुढे ड्रिलनं छिद्र पाडावं, म्हणजे खोदताना आणि तापताना ती पुढे पळत नाही. मग सगळं तेल पुसून, भेग संपेपर्यंत ग्राइंडरनं व्ही खोदावा आणि बट जोडासारखा मुळापासून भरावा. वर आधाराची पट्टी लावायची असेल तर तिची टोकं आडवी सरळ कापू नयेत, निमुळती करावीत. आडव्या टोकाच्या वेल्डिंगपाशी नवी भेग पडते. ट्रॅक्टरला जोडूनच काम असेल तर बॅटरीच्या वायरी आधी सोडाव्यात आणि अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डिंगशेजारीच लावावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन त्याच्या गोळ्यांवर डाग पाडतो.

काही भागांना नवख्यानं हात लावूच नये. कमान-पट्ट्यांच्या स्टीलमध्ये कार्बन जास्त असतो. साध्या रॉडनं वेल्डिंग केलं की शेजारचा पट्टा काचेसारखा कडक होतो आणि मोडतो. बिडाच्या वस्तूंना निकेलचे रॉड आणि वेगळी पद्धत लागते. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारा पुढचा सांगाडा, हूक आणि ॲक्सल हे रस्त्यावर माणसांच्या जिवाशी निगडित भाग आहेत. ते ७०१८ चा सराव असलेल्या, तपासलेल्या वेल्डरकडेच द्यावेत.

डोळ्यांविषयी तडजोड नको. ६० ते १६० अँपिअरला दहा नंबरची काळी काच योग्य आहे, त्यावरच्या करंटला अकरा-बारा नंबरची. ठिणगीतल्या अतिनील किरणांचा त्रास लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुतेकदा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं, पाणी वाहतं, उजेड सोसत नाही. तुकडा धरणाऱ्या मदतनिसाला आणि पाहत उभ्या राहिलेल्या मुलांना हा त्रास सर्रास होतो. अशा वेळी डोळ्यांत दूध घालण्याऐवजी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. अंगात सुती कपडे, पायात बूट आणि हातात कोरडे चामडी मोजे हवेत. मशीनच्या टोकांवर रॉड पेटवण्याआधी साधारण ५० ते ८० व्होल्ट असतात; घामानं भिजलेले मोजे आणि ओली जमीन असेल तर तेवढेही जीवघेणे ठरू शकतात. गॅल्व्हनाइज्ड पाइपवरचा जस्ताचा थर घासून काढल्याशिवाय रॉड लावू नये, कारण त्याच्या पांढऱ्या धुरानं संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. काम मोकळ्या हवेत करावं आणि तोंड धुराच्या लोटात नसावं. डिझेलचं रिकामं पिंप किंवा गाडीची टाकी कितीही धुतली तरी वेल्डिंगला घेऊ नये. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होऊन माणसं मेली आहेत.

पद्धतशीर शिकायचं असेल तर शासकीय आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड आहे आणि त्याला आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो. घरच्या घरी सराव करणाऱ्यानं भंगारातून सहा मिलिमीटरच्या, हातभर लांबीच्या पट्ट्या आणाव्यात. दोन पट्ट्यांचा टी जोड करून फक्त एकाच बाजूला फिलेट मारावा, मध्ये मुद्दाम एकदा रॉड थांबवून पुन्हा सुरू करावा. पूर्ण गार झाल्यावर जोड व्हाइसमध्ये धरून, उभी पट्टी वेल्डिंगच्याच बाजूला झोपेल अशी घणानं मारावी, म्हणजे मूळ उघडतं. पट्टी तुटलीच नाही आणि चपटी झोपली तर काम उत्तम. तुटली तर तोंड उजेडात धरून पाहावं. पूर्ण जुळलेला भाग करडा, दाणेदार दिसतो. मुळाशी प्लेटची मूळची सरळ, न वितळलेली धार शाबूत दिसली तर ठिणगी कोपऱ्यात गेलीच नव्हती. करंट वाढवून आणि अंतर कमी करून नवा तुकडा घ्यावा. काळ्या, काचेसारख्या रेघा दिसल्या तर स्लॅग पुढे धावला होता. गोल भोकं असतील तर रॉड ओला किंवा प्लेट घाण होती. दोष फक्त मधल्या थांब्यापाशीच असेल तर पुढच्या वेळी तिथली खपली आधी काढावी, खळग्याच्या सेंटीमीटरभर पुढे ठिणगी पेटवावी, मागे येऊन खळगा भरावा आणि मग पुढे सरकावं.